टिपण आणि ठेव

गेल्या चातुर्मासात आचार प्रकरणाचा पाठ चालू होता. एके दिवशी पाठ उरकल्यावर इतर मंडळी उठून गेली. एक तरुण साधक मात्र पोथीचे वेष्टन बांधीत मुद्दाम मागे राहिला. थोडा वेळ घुटमळून त्याने विचारले, "बाबा, पहाटे विजनास बसतो. नामाकडे चित्त लागते न लागते तोच, आठ-आठ दिवस शोधूनही न सापडलेला एखाद्या सूत्राचा अन्वय आपोआप उलगडतो. उठून लिहावे तर स्मरण मोडते. न लिहावे तर तो निसटू नये म्हणून मन त्यालाच घोकीत बसते, म्हणजे स्मरण तसेही मोडतेच. मग मी करावे काय?"

मी त्याला त्या वेळी उत्तर दिले नाही. 'उद्या बोलू' एवढेच म्हणालो. कारण हाच प्रश्न सुमारे तीस वर्षांपूर्वी मी माझ्या गुरुवर्यांस विचारला होता. त्यांनी दिलेले उत्तर खरे होते. मी मात्र ते अर्धेच समजलो, आणि त्या अर्ध्या समजुतीपायी माझ्या हातून एक अशी चूक झाली की जिची भरपाई आता होणे नाही. ते पुढे सांगेनच.

हा प्रश्न केवळ अनुसरलेल्या साधकाचा आहे, असे मात्र कोणी समजू नये. आमच्या परिचयाचे एक वासनिक गृहस्थ बँकेत हिशेबाचे काम पाहतात. त्यांनी हीच अडचण निराळ्या शब्दांत सांगितली. आकड्यांचा मेळ घालीत असता मुलीच्या शाळेची फी आठवते, विहिरीवरच्या मोटारीची दुरुस्ती आठवते, कोणाला तरी द्यावयाचे राहिलेले उत्तर आठवते. आठवलेले बाजूस सारावे तर संध्याकाळपर्यंत ते हरवून जाते. जवळ बाळगावे तर बेरीज चुकते. शेतात, शाळेत, स्वयंपाकघरात हेच. कोणत्याही कामास चित्त एका ठिकाणी द्यावे लागते, आणि चित्ताचा स्वभाव तर एका ठिकाणी न राहण्याचा. तेव्हा हातातले काम न सोडता, मध्येच सुचलेल्या वा आठवलेल्या गोष्टीचे काय करावे, हा विचार साधकास जितका आवश्यक तितकाच प्रपंचात असलेल्यासही आवश्यक आहे.

प्रथम एवढे नीट पाहिले पाहिजे की, स्मरण मोडते ते नेमके कशाने? वरवर पाहता वाटते, मध्येच आलेल्या विचाराने. परंतु ते खरे नव्हे. विचार येतो आणि जातो. डोळ्यांपुढून पाखरू गेल्यासारखे ते असते. पाखरू दिसले म्हणून वाट चालणारा थांबत नाही. तो थांबतो ते पाखरू धरावयास धावला म्हणजे. आलेला विचार निसटेल, पुन्हा मिळणार नाही, हे भय एकदा मनात शिरले की मग नामही राहत नाही आणि तो विचारही धड राहत नाही. उरते ते केवळ भय. आणि त्या भयाच्या पाठीशी बारकाईने पाहू गेल्यास बहुधा 'मला सुचले' हा मोह उभा असतो. सूत्राचा अर्थ उलगडला याचा आनंद निराळा, आणि तो मला उलगडला याचा आनंद निराळा. पहिला आनंद स्मरणास पोषक आहे. दुसरा स्मरणाच्या आसनावर स्वतःच येऊन बसतो.

एक लौकिक दृष्टांत घेऊ. शेतकरी नांगर धरून चालला आहे. तासात त्याला एक नाणे चमकताना दिसले. त्याने ते उचलले. आता ते मुठीत धरून ठेवले तर रुमणे नीट धरता येत नाही, तास वाकडे जाते. ते तेथेच टाकून पुढे गेला तर हात मोकळे होतील, पण मन त्या ढेकळापाशीच राहील. प्रत्येक फेरीस तो मागे वळून पाहील. म्हणून जाणता शेतकरी काय करतो? नाणे कनवटीला लावतो, आणि पुन्हा रुमण्यावर हात ठेवतो. टिपण ही चित्ताची कनवट आहे. हात मोकळा व्हावा एवढ्यासाठीच ती. लिहून ठेवल्याने विचार मोठा होत नाही, पण तो धरून बसण्याचे कारण संपते.

येथपर्यंत सर्व सोपे आहे, आणि आजकालचे मानसशास्त्रही याच अंगाने बोलते. ब्ल्यूमा झायगार्निक या विदुषीने १९२७ साली असे निरीक्षण प्रसिद्ध केले की, पूर्ण झालेल्या कामापेक्षा मध्येच तोडलेले काम मनात अधिक टिकून राहते. त्या निष्कर्षावर पुढे बरेच वाद झाले. परंतु २०११ साली मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर या दोन संशोधकांनी त्याला जोडून एक गोष्ट दाखविली, ती येथे महत्त्वाची आहे. अपुऱ्या कामाची टोचणी थांबण्यास ते काम पूर्ण व्हावेच लागते असे नाही. ते केव्हा व कसे करावयाचे एवढे निश्चित ठरविले तरी मन त्याची पाठ सोडते. आमच्या वासनिक गृहस्थांस हे लागू पडले. त्यांनी हिशेबाच्या वहीशेजारी एक कोरा कागद ठेवण्यास आरंभ केला आणि बेरीज चुकणे पुष्कळ कमी झाले. वाचकांनी मात्र त्या वाक्यातील एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मन सुटते, ते काम झाले म्हणून नव्हे. काम होईल असे वाटले म्हणून. टिपणाची सोय ज्यात आहे, त्यातच त्याचा धोकाही आहे.

आता माझ्या गुरुवर्यांचे उत्तर. त्या काळी मला टिपणाचा मोठा नाद होता. सूत्रे पाठ करीत असता, भिक्षेस जात असता, इतकेच काय पण भोजन करीत असता जे सुचेल ते मी कागदाच्या लहान कपट्यांवर लिहून ठेवी. पाकिटांच्या पाठी, लग्नपत्रिकांचे कोरे भाग, कॅलेंडरची फाडलेली पाने, काहीही चाले. हे कपटे साठत साठत पत्र्याच्या दोन पेट्या भरल्या. चातुर्मास संपून आम्ही एका आश्रमातून दुसरीकडे निघालो, तेव्हा मी त्या पेट्या उचलण्यासाठी माणूस पाहू लागलो. गुरुवर्य ओट्यावर बसून हे पाहत होते.

"हे ओझे कोणाचे?" त्यांनी विचारले.

"माझेच आहे, बाबा. सूत्रांवरचे चिंतन आहे."

"चिंतन असते तर पेटीत कशाला राहिले असते?"

मी निरुत्तर झालो. ज्याने झोळीत मावेल तेवढ्यावर चालावे, त्याने दोन पेट्या आणि एक हमाल जमवावा, ही गोष्ट माझी मला दिसली नव्हती. वस्त्रांचा संग्रह आपल्याला दिसतो, भांड्यांचा दिसतो. विचारांचा संग्रह दिसत नाही. उलट तो विद्वत्तेच्या नावाखाली शोभून जातो. त्याच रात्री मी धीर करून त्यांना तोच प्रश्न विचारला, जो परवा त्या तरुणाने मला विचारला. ते म्हणाले, "विचार तुझा असेल तर जाऊ दे. सूत्राचा असेल तर सूत्रापाशी पुन्हा भेटेल."

या उत्तराने मला फार बळ दिले. मी एक पेटी तेथेच सोडली. दुसरीतील कपटे वाटेत एका मुक्कामी बसून चाळले, आणि जे दिसले त्याने लाज वाटली. बहुतेक टिपणे टिकावू नव्हतीच. कित्येक तर मलाच कळेनात. एकावर लिहिले होते, 'येथे मागील प्रमाणेच, परंतु उलट.' मागील काय आणि उलट कशाच्या, हे मला आज तीस वर्षांनीही उमगलेले नाही. दुसऱ्यावर केवळ 'महत्त्वाचे!' एवढेच होते आणि खाली दोन रेघा ओढल्या होत्या. लिहिते वेळी माझ्या डोळ्यांपुढे तो सगळा प्रसंग होता. मी निष्कर्ष तेवढा लिहिला आणि प्रसंग तेथेच सोडून आलो.

आमच्या पूर्वाचार्यांना हे व्यंग पुरेपूर ठाऊक होते. केशवराज सूरींनी, म्हणजे आपल्या केशोबासांनी, लीळांतून स्वामींची वचने वेचून सूत्रपाठ सिद्ध केला. वचन प्रसंगापासून वेगळे झाले म्हणजे ते पाठास सुलभ होते, परंतु कोणास, केव्हा, कोणत्या निमित्ताने निरूपिले हे कळेनासे झाले की तेच वचन आपापल्या मतीप्रमाणे कोठेही ओढून नेता येते. म्हणूनच परंपरेस 'प्रकरणवश' सिद्ध करावा लागला. सूत्रामागील प्रसंग पुन्हा सूत्राशी नेऊन जोडावा लागला. सर्वज्ञांच्या वचनांसही जर प्रसंगाची जोड लागते, तर आपल्या कपट्यांची काय कथा! टिपण एका शब्दाचे असले तरी चालेल, पण तो शब्द कोठून आला याची खूण त्यात हवी. कोणत्या सूत्रावर बसलो होतो, कोणाचे काय ऐकून हे आठवले, एवढे लिहिले तरी पुष्कळ होते.

असो. गुरुवर्यांच्या उत्तराने मी टिपणाच्या ओझ्यातून सुटलो, आणि येथेच माझी चूक सुरू झाली. 'पुन्हा भेटेल' हे त्यांनी सूत्राविषयी सांगितले होते. मी ते सर्वच गोष्टींविषयी धरून चाललो.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी मी एका प्रकरणावरील भाष्याच्या लेखनात गुंतलो होतो. आश्रमात एक वृद्ध तपस्विनी होत्या. आम्ही सर्व त्यांना आक्का म्हणत असू. अक्षरओळख बेताची, परंतु स्मरण असे की ऐकलेली गोष्ट शब्दाचा फेर न करता सांगत. एके दिवशी दुपारी त्या काठी टेकीत माझ्या लेखनाच्या जागी आल्या आणि म्हणाल्या, "दादा, एक ओटा आहे. माझ्या गुरुबाईंनी दाखवला होता. आता लोक भलत्याच जागी दंडवत घालतात. तुम्ही लिहिणारे, म्हणून म्हटलं तुम्हाला सांगून ठेवावं." आणि त्यांनी गावाचे नाव घेतले.

माझे वाक्य अर्धे राहिले होते. मी म्हणालो, "आक्का, हे प्रकरण हातावेगळे झाले की निवांत बसून सगळे ऐकतो." त्या गेल्या. मी एका कपट्यावर 'आक्का, ओटा, विचारणे' असे लिहून खाली गावाचे नाव घातले, तो पोथीखाली सारला आणि वाक्य पूर्ण केले. मन अगदी मोकळे झाले. आता वाटते, तसे ते मोकळे व्हावयास नको होते. टिपणाने मला सांगितले की हे काम सुरक्षित आहे, आणि मी त्यावर विश्वास ठेवला. प्रकरण संपले, दुसरे लागले. कपट्यावर आणखी कपटे आले. सुमारे दोन महिन्यांनी आक्कांचा देह शांत झाला. पुढे पावसाळ्यापूर्वी पोथ्यांना ऊन देताना तो कपटा माझ्या हाती आला.

त्या दिवसापासून मी या प्रश्नाकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. सूत्राचा अर्थ आज निसटला तर सूत्र कोठे जात नाही. उद्या, परवा, दहा वर्षांनी मी त्याच्यापाशी पुन्हा बसू शकतो. मला सुचलेली कल्पना निसटली तर फार तर माझे थोडे नुकसान. परंतु आक्कांना जे ठाऊक होते ते पोथीत नव्हते. ते एका देहात होते, आणि तो देह थकलेला होता, हे मला डोळ्यांनी दिसत होते. त्यांनी ते सांगावयास आणले ते माझ्या लेखनात भर घालण्यासाठी नव्हे; ती ठेव होती, आणि मी तिला सुचलेल्या विचारांच्या पंक्तीत बसविले. तासात सापडलेले नाणे कनवटीला लावणे ठीक. पण कोणी विश्वासाने हाती दिलेले नाणे कनवटीला लावून विसरून जाणे, याला आपण काय म्हणतो ते सर्वांस ठाऊक आहे.

म्हणून काम चालू असता मध्येच काही आले म्हणजे 'हे महत्त्वाचे आहे काय?' असे विचारू नये, असे माझे मत झाले आहे. त्या क्षणी जे येते ते सारेच महत्त्वाचे वाटते. माझ्या दोन रेघांच्या कपट्याप्रमाणे. विचारावयाचे ते हे की, हे कोणाचे आहे? माझे असेल तर एका शब्दाने टिपावे किंवा टिपूही नये. दुसऱ्याचे असेल, कोणाला दिलेले वचन असेल, कोणाची गरज असेल, कोणाच्या स्मरणातली एकुलती एक गोष्ट असेल, तर काम थांबवावे. भाष्यदेखील थांबवावे. आणि लिहावयाचे ते खूण म्हणून नव्हे. सांगणाऱ्यासमोर बसून, त्याचे सांगणे संपेपर्यंत लिहावयाचे.

हा निकष मी कोठून तरी नव्याने शोधून काढला, असे मुळीच नाही. तो आमच्या पंथाच्या आद्य ग्रंथातच उभा आहे. मीच तो पाहिला नव्हता. म्हाइंभट केवढे पंडित! त्यांना सुचणाऱ्या युक्ती, शास्त्रार्थ, कोटिक्रम यांना काय तोटा होता? परंतु शके १२०० च्या सुमारास रिद्धपुरी त्यांनी जे लिहून काढले, त्यात त्यांचे स्वतःचे काय आहे? स्वामी उत्तरापंथे गेले होते. ज्यांनी त्यांना पाहिले, त्यांच्याबरोबर जे चालले, ते एकेक वृद्ध होत होते. भटोबास वाजेश्वरीत लीळांचे मनन करीत, आणि ते मनन भटोबासांबरोबरच संपेल, ही गोष्ट म्हाइंभटांच्या ध्यानात आली. म्हणून त्यांनी विचारले, ऐकले, लिहिले. जी लीळा भटोबासांनी स्वतः पाहिलेली नव्हती तिच्यासाठी, ज्याने पाहिली त्याच्याकडे ते गेले. पंडिताने आपली कल्पना बाजूस ठेवून दुसऱ्याच्या स्मरणापुढे लेखणी धरावी, हे त्या ग्रंथाचे खरे वैभव आहे. आणि तेही सेवेचा वेळ मोडून नव्हे. श्रीप्रभूंच्या सेवेचा अवसर सेवेस, सांगण्याचा अवसर सांगण्यास, अशी तेथील रीत परंपरेत सांगितली जाते. अटन, विजन, भिक्षा, भोजन यांस जसे वेळ नेमून दिलेले आहेत, तसाच लेखनासही नेमलेला होता.

पुढे, चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत, ती मूळ पोथी नाहीशी झाली. तेव्हा लिहिलेले गेले आणि पुन्हा आधार घ्यावा लागला तो स्मरणाचाच. ज्यांनी ऐकले, पाठ केले, त्यांच्या मुखातून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो याने आपल्या 'फीड्रस' नामक संवादात एका राजाची कथा घातली आहे. लेखनविद्या पुढे आणली असता तो म्हणतो की, हिच्यामुळे लोक बाहेरच्या खुणांवर विसंबतील आणि आतले स्मरण गमावतील. आक्षेप खोटा नाही. माझा 'विचारणे' हा कपटा त्याचीच साक्ष देईल. परंतु आमच्या परंपरेने लेखन आणि स्मरण यांपैकी एकाची निवड केलीच नाही. लेखन हरवले तेव्हा स्मरणाने तारले, आणि स्मरण देहाबरोबर जाऊ लागले तेव्हा लेखनाने तारले. जेथे दोन स्मरणांत मेळ बसला नाही तेथे त्यांनी एक पुसून दुसरे ठेवले नाही. ही एक वासना, ही दुसरी वासना, असे नोंदवून दोन्ही पुढे दिले. कोणाचे काय, हे त्यांनी मिसळू दिले नाही.

मिसळले म्हणजे काय होते, हे जुन्या पोथ्या हाताळणाऱ्यांस विदित आहे. नक्कल करणारा ओळीवर चित्त ठेवून लिहीत असतो. एखादे अक्षर सुटले तर तो हंसपद घालून ते समासात लिहितो. ते योग्यच आहे, कारण ते अक्षर पोथीचेच आहे. परंतु एखादा लेखक मध्येच स्वतःला सुचलेला अर्थही त्याच समासात, त्याच शाईने लिहून ठेवतो. तो वाईट हेतूने लिहीत नाही. विसरू नये म्हणून लिहितो. पुढचा नकलकार समासातील ते शब्द सुटलेले अक्षर समजून ओळीत घेतो. तिसऱ्या पिढीला ते मूळ संहिता म्हणून पाठ असतात. एका माणसाचे निष्पाप टिपण अशा रीतीने शास्त्रात जाऊन बसते, आणि मग त्यावर पंडितांचे वाद होतात. दृष्टांतपाठाची रचना पाहा: सूत्र स्वामींचे, दृष्टांत स्वामींचा, आणि दार्ष्टांतिक केशोबासांचे. तिन्ही वेगळी आहेत, वेगळी दिसतात. केशोबासांएवढा अधिकारी पुरुष आपले शब्द आपल्या जागी ठेवतो. माझ्या पेट्यांत ऐकलेले, वाचलेले आणि सुचलेले हे सारे एकाच शाईने लिहिलेले होते.

आता त्या तरुणाविषयी. दुसऱ्या दिवशी आम्ही बोललो. विजनात सुचलेल्या अन्वयासाठी उठू नये, असे मी त्याला सांगितले. तो अन्वय सूत्राचा असेल तर पाठाच्या वेळी सूत्रच पुन्हा देईल. आणि न दिला, तर परमेश्वराच्या नामापेक्षा तो मोलाचा होता असे म्हणण्याचे धाडस कोण करील? फार तर विजन संपल्यावर, आसन उचलण्यापूर्वी, जे तेव्हाही आठवत असेल ते एका ओळीत लिहावे. विजन संपेपर्यंत जे टिकले नाही, ते लिहून ठेवण्याजोगे बहुधा नव्हतेच. पंधरवड्यातून एकदा ते कागद काढावेत. सूत्राचे ते सूत्राच्या पोथीशेजारी जावे, माणसाचे ते माणसाकडे जावे, आणि माझे तेवढे चुलीत जावे.

तो म्हणाला, "बाबा, मी कागदावर लिहीत नाही. मोबाईलवर लिहितो. उठावेही लागत नाही, अर्ध्या पळाचे काम."

मी त्याला विचारले, "त्या अर्ध्या पळानंतर तो लगेच खाली ठेवतोस काय?"

तो हसला आणि काही बोलला नाही. मी यंत्राचा द्वेष करणाऱ्यांपैकी नाही. पोथ्यांची छायाचित्रे मी त्यावरच पाहतो आणि दूरच्या मठातील पाठभेद विचारावयाचा तर त्याच्याइतके सोयीचे काही नाही. परंतु कागदाचा कपटा आपण लिहिलेले ठेवून घेतो आणि गप्प बसतो. हे यंत्र ठेवून घेते आणि लगेच दुसऱ्या चौघांचे निरोप पुढे करते. कनवटीला लावलेले नाणे जर हाका मारू लागले, तर नांगर कसा चालावा? त्याने निदान विजनापुरते ते खोलीत ठेवून जाण्याचे कबूल केले. पाळतो की नाही, ते मी विचारलेले नाही.

माझा दुसरा निकष मात्र त्याला चटकन पटला नाही. "कोणी मध्येच सांगावयास आले म्हणून दर वेळी काम सोडावयाचे, तर भाष्य कधीच पूर्ण होणार नाही," असे तो म्हणाला. त्याचे म्हणणे रास्त आहे. येणारा प्रत्येक जण आक्का नसतो. पुष्कळ जण केवळ वेळ घालविण्यास येतात, आणि त्यांना नम्रपणे परत पाठविणे हाही लेखकाचा धर्मच आहे. कोण कशासाठी आले आहे हे ओळखण्याची युक्ती मजपाशी नाही. एवढेच की, मी त्या दिवशी आक्कांकडे मान वर करून पाहिलेसुद्धा नव्हते. पाहिले असते तर कदाचित कळले असते. माझे ते भाष्य पूर्ण झाले. छापलेही गेले. त्यातील त्या दुपारचे वाक्य कोणते, हे मी आजही दाखवू शकतो. ते काढून टाकले तरी अर्थास बाध येत नाही.

कपटा सापडल्यानंतर त्या हिवाळ्यात मी आक्कांनी सांगितलेल्या गावी गेलो. स्थानपोथीत दिशा, दार, अंतर जसे नेमके सांगितलेले असते तसे मला काही सांगता येत नव्हते. हाती तीन शब्द आणि एक नाव. गावातील वृद्धांना विचारले. एकाने नदीकाठच्या वडाखालचा पडका ओटा दाखविला. दुसरा म्हणाला, तो नव्हे, खरा ओटा शेताच्या बांधात गेला आहे, आणि त्याने दगड उचलून खालची जुनी घडीव शिळा दाखविली. दोघांनीही आपापल्या आजोबांचे नाव सांगितले. आक्कांच्या गुरुबाईंनी यांपैकी कोणता दाखविला होता, हे सांगणारे आता कोणी नाही. मी वहीत दोन्ही जागा, सांगणाऱ्यांच्या नावांसह, वेगवेगळ्या नोंदविल्या; आणि मग आधी वडाखाली, नंतर बांधावर, अशा दोन्ही ठिकाणी दंडवत घातले.